पंचवीस शब्द

रावपुऱ्यात चष्म्याच्या दुकानावर, अरुंद जिना चढून
आमची काचेची खोली. आत कालिंदीबेन फणसे,
वय एक्क्याऐंशी. काळे हेडफोन त्यांनी
इतक्या सराईतपणे चढवले की मी विचारलंच.
म्हणाल्या, टेलिफोन खातं. चौतीस वर्षं.
ट्रंक कॉल जोडायचे.

मी काचेच्या अलीकडे, ओठांवर कागद धरून,
शेजारी त्यांची नात ऋत्वी, मोबाइलमध्ये मान घालून.
कागद पुण्याहून आलेला. पंचवीस शब्द.
मी म्हणायचं, त्यांनी परत म्हणायचं,
मी खूण करायची: बरोबर, चूक.
तिसरा रकाना नाही.

"सासू."
"जाऊ," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. "दोघीही गेल्या."
चूक.
म्हातारपणी स आणि श आधी जातात,
मागोमाग थ, फ.
आ, ऊ शेवटपर्यंत घरात असतात.

"चाक."
"चाक." दातांमागचा च, थेट माझ्या गावचा.
ऋत्वी खुदकन हसली.
ती चाक म्हणते चहाच्या च ने.
शाळेत, रिक्षात, खाली दाबेलीच्या गाडीवर
दुसरा च तिच्याकडे कुणी मागतच नाही.
चार आण्यांचं नाणं असंच गेलं.
कुणी हिसकावलं नाही,
नुसतं कुणी घेईना.

"सांभाळ."
"सांभळते आहे की! तू बोल."
मी थांबले.
गुजरातीत सांभळणं म्हणजे ऐकणं.
मधला तो आ कुणी गाळला?
त्यांच्या कानाने, आत्ता?
शेजारच्या बिऱ्हाडाने, साठ वर्षांपूर्वी,
वाटीभर साखर नेता-आणताना?
की रात्रपाळीत, मुंबई लागत नसे तेव्हा,
सुरतेचा कुणी व्यापारी गळा फाटेस्तोवर ओरडे,
सांभळो छो? सांभळो छो?
आणि या बाई एका कानाने ऐकत
दोन्ही हातांनी लाइन सांभाळत?
पेन्सिल दोन रकान्यांमधल्या रेघेवर.
मग पुढचा शब्द.

"फावलं."
"हो, छान फावलं," म्हणत त्यांनी हेडफोन जरा दाबला.
"मघाशी टोचत होता."
आमच्याकडे फावतं ते चोराचं,
घर मोकळं सापडलं की.
इथे नव्या सुनेला विचारतात, फावतं ना?
म्हणजे जमतं ना, रुळलीस ना.
हा शब्द आमच्या लोकांबरोबर घोड्यावरून आला
आणि इथे येऊन निवळला,
की इथलाच होता, आणि आम्हीच त्याला
तिकडे संशयाने बघत होतो, ठाऊक नाही.
शब्द बदलताना कुणी पाहत नसतं.
सगळे बोलण्यात असतात.

बरोबर, अशी खूण केली.
पुण्याच्या कागदाला काय वाटायचं ते वाटो.

पंचवीसपैकी एकोणीस.
"पास?" त्यांनी विचारलं.
"पास."
"आजी, चाल," ऋत्वी म्हणाली. दोघी जिना उतरल्या,
आणि पाच मिनिटांनी खालूनच हाक:
"माझी छत्री जडली का गं?"
माझ्या माहितीत आजार जडतो,
माया जडते, दारू जडते.
छत्री खुर्चीच्या मागे होती, ओली, मुकाट.
"जडली," मी ओरडले,
आणि जिन्यात माझाच आवाज मला
जरा अनोळखी वाटला.

रात्री साताऱ्याहून आईचा फोन.
जेवलीस का. पाणी मानवतं का.
घरमालक भले आहेत ना.
मी पोळी तव्यावर उलटत म्हणून गेले,
"आता फावतं गं मला इथे."
पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.
"कुणाचं फावलं?" आईचा स्वर एकदम खाली.
"रात्रीची कडी घालतेस ना नीट?"